पाण्यातली तहान

रात्री साडेनऊला भाच्याचा फोन आला. "मावशी, निळूला चिरलंय. तू लगेच येतेस का?"

निळू म्हणजे भाच्याच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधला ब्लू टँग. गडद निळं अंग, त्यावर काळी नक्षी, पिवळीधम्मक शेपूट. 'फाइंडिंग नीमो'मधली विसरभोळी डोरी आठवते ना? तीच जात. मी पोचले तेव्हा निळू खडकाच्या फटीत आडवा पडला होता. कल्ल्यांची उघडझाप भराभर चाललेली, आणि कुशीवर बोटाच्या पेराएवढी एक सरळ, स्वच्छ चीर. कोणीतरी वस्तरा ओढावा तशी.

खरोखरच तो वस्तराच होता. टँग ज्या कुळातले, त्याला सर्जनफिश म्हणतात. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना यांना एकेक धारदार काटा असतो. एरवी तो खाचेत मिटलेला असतो. भांडण पेटलं की शत्रूच्या अंगालगत जायचं आणि शेपूट झटकायची, बस! टँकमध्ये आठवड्यापूर्वी एक पिवळा टँग आला होता. त्याचा काटा पांढरा असतो, म्हणून लगेच नजरेत भरतो. जागेवरून जुंपली होती, आणि नव्या भाडेकरूनं जुन्याला चिरलं होतं.

"मेला का गं तो?" भाच्याचा आवाज कापरा झाला होता. नाही. भ्यालेला ब्लू टँग असाच कुशीवर पडून निपचित राहतो, ती त्याची उपजत सवय आहे. भाच्याच्या हातात औषधाची बाटली तयार होती. जखमेत जंतू शिरतील ही त्याची भीती खोटी नव्हती. पण त्या रात्री मला दुसऱ्याच गोष्टीची धास्ती होती. निळूला आता तहान लागणार होती.

चारशे लिटर पाण्यात बुडालेल्या माशाला तहान?

स्वयंपाकघरात चला. काकडी चोचवून तिला मीठ लावून ठेवलं की काय होतं? पाणी सुटतं. कैरीच्या फोडींना मीठ चोळलं की सकाळी बरणीच्या तळाशी खार जमलेला असतो. मीठ बाहेर जास्त, आत कमी, म्हणून आतलं पाणी बाहेर धावतं. आता समुद्र बघा. त्याच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. आणि त्यात पोहणाऱ्या निळूसारख्या माशाच्या रक्तात? जेमतेम एक तृतीयांश. म्हणजे समुद्रातला मासा ही मीठ लावलेली काकडीच आहे! जन्मल्यापासून मरेपर्यंत, दिवसरात्र, त्याच्या अंगातलं पाणी समुद्र ओढून घेत असतो.

मग तो सुकून जात नाही कसा? उत्तर इतकं सरळ आहे की विश्वास बसत नाही: तो पाणी पितो. समुद्राचंच. १९३० साली होमर स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञानं माशांच्या पाण्यात फिनॉल रेड हा रंग मिसळला. हा रंग आतड्यातून रक्तात शिरत नाही. थोड्या वेळानं तो माशांच्या आतड्यात साठलेला सापडला. मासे घोट घेत होते आणि रंग मागे सोडून पाणी शोषत होते.

पण थांबा. खारं पाणी प्यायलं तर मीठही पोटात गेलंच की! आपण समुद्राचं पाणी पिऊ शकत नाही ते याच कारणानं. ते मीठ बाहेर टाकायला आपल्या मूत्रपिंडांना प्यायलेल्या पाण्याहून जास्त पाणी खर्चावं लागतं. माशाचं मूत्रपिंडही हे काम करू शकत नाही. करतात कोण, तर कल्ले. १९३२ मध्ये अँसेल कीज आणि विल्मर यांनी ईल माशाच्या कल्ल्यांत अशा पेशी दाखवून दिल्या, ज्या रक्तातलं मीठ उपसून समुद्रात फेकतात. (हेच कीज पुढे आहार आणि हृदयविकार यांच्या नात्यावरच्या संशोधनासाठी जगभर गाजले.) समुद्र आधीच खारट, तरी त्यातच आणखी मीठ ढकलायचं! चढावर पाणी चढवण्यासारखं काम, आणि त्याला पंपासारखीच ऊर्जा लागते. आपण ज्यांना माशाची श्वास घेण्याची जागा म्हणतो, ते कल्ले म्हणजे त्याच वेळी मीठ गाळण्याचा कारखानाही आहेत.

आणखी एक गंमत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. प्यायलेल्या पाण्यात कॅल्शियमही असतं. माशाचं आतडं त्याचा खडू बनवतं, अगदी फळ्यावर लिहायचा असतो तसल्या जातीचा, आणि त्याच्या बारीक गोळ्या करून बाहेर टाकतं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार साऱ्या महासागरांत दरवर्षी तयार होणाऱ्या कार्बोनेटपैकी ३ ते १५ टक्के माशांच्या आतड्यांतून येतं. केवढा मोठा हिशेब, आणि त्याचं मूळ कशात? तहानेत!

आता निळूच्या चिरेकडे परत या. हे सगळं गणित कशावर उभं आहे? कातडीवर. ती पाणी सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही म्हणून कल्ल्यांचा पंप पुरा पडतो. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो, एखाद्या कोरड्या चिलखतासारखा. माशाचा तसा नाही. हातातून निसटणारा बुळबुळीतपणा म्हणजे त्याचा चिकट स्राव, आणि त्या स्रावाखाली लगेच जिवंत पेशी. खवले सगळ्यात बाहेर दिसतात, पण त्यांच्यावरही जिवंत कातडीचा पातळ पडदा असतो. म्हणूनच माशाचा एक खवला उचकटला तरी ती जखम असते, आणि जाळीत तडफडताना अंगावरचा बुळबुळीत थर पुसला गेला तरी ती इजाच. जिथे जखम, तिथे भांड्याला भोक. रक्त फारसं दिसत नाही, पण पाणी झिरपत राहतं.

भोक बुजवायचं कसं? आपल्या जखमेवर खपली धरते. पाण्याखाली खपली सुकणार कुठे? मग मासा काय करतो? त्याच्या जखमेच्या कडेच्या पेशी जागच्या उठतात आणि चालू लागतात! अक्षरशः सरपटत. एकमेकींना धरून, चादर ओढावी तशा, त्या दोन्ही काठांकडून उघड्या मांसावर पसरत जातात. प्रयोगशाळेत माशाचा एक खवला काचेवर ठेवला तरी त्याच्यावरच्या पेशी काचेवर उतरून चालायला लागतात. सजीव पेशी सरकते कशी, हे शिकण्यासाठी जगभरचे जीवशास्त्रज्ञ माशाच्या याच पेशी वापरतात, कारण इतक्या वेगानं धावणाऱ्या पेशी क्वचितच मिळतात. मिनिटाला दहा मायक्रॉनच्या आसपास. ऐकायला काहीच नाही, पण सात-आठ मिनिटांत माणसाच्या केसाच्या जाडीएवढं अंतर झालं. अरुंद चीर असेल तर काही तासांत तिच्यावर नवा पडदा ओढला जातो. खालचं मांस भरून यायला आठवडे लागतात, ते सावकाश होत राहतं. आधी गळती बंद!

तेव्हा त्या रात्री आम्हाला एवढंच बघायचं होतं: या चालणाऱ्या पेशींना वेळ मिळावा, आणि तोवर निळूचं पाणी कमीत कमी जावं.

पहिली गोष्ट, टँकचे दिवे घालवले. हा उपाय साधा वाटतो, पण त्यामागचं कारण थक्क करणारं आहे. मासा घाबरला की त्याचं शरीर जास्त ऑक्सिजन मागतं. कल्ल्यांच्या पातळ पाकळ्यांमधून जास्त रक्त फिरू लागतं, ऑक्सिजन आत येण्याची वाट रुंद होते. पण ज्या वाटेनं ऑक्सिजन आत येतो, त्याच वाटेनं पाणी बाहेर जातं. श्वास हवा तर पाणी सोड! म्हणजे समुद्रातला मासा नुसत्या भीतीनंसुद्धा सुकतो. अंधार, शांतता, काचेवर टकटक न करणं, ही सगळी निळूसाठी अक्षरशः पाण्याची बचत होती.

दुसरी गोष्ट, निळूला हातच लावला नाही. जाळी तर नाहीच. सर्जनफिशचे काटे जाळीत अडकतात, आणि उरलासुरला स्रावही निघून जातो. पकडलं ते पिवळ्याला. पारदर्शक डबा पाण्यात बुडवून, त्यात अलगद हाकलून. भोकं पाडलेल्या डब्यात तो कोपऱ्यात राहिला.

तिसरी गोष्ट, पाणी तपासलं. मासा अचानक आजारी दिसला की औषधाच्या आधी पाणी तपासायचं, यावर माझा ठाम विश्वास आहे. मासे आपला अमोनिया कल्ल्यांतून पाण्यातच सोडतात. टँकच्या खडकांतले जिवाणू तो पचवतात. खाऱ्या पाण्याचा पीएच आठच्या वर असतो आणि तिथे अमोनिया जास्त विषारी ठरतो. एखादा मासा खडकामागे मरून पडला, एखाद्या दिवशी खाणं जास्त पडलं, की बाकीचे धापा टाकू लागतात आणि आपण रोग शोधत बसतो. इथे अमोनिया शून्य निघाला. भाच्याच्या हातातली बाटली मी काढून घेतली. त्या औषधात तांबं होतं. माशांना ते माफक प्रमाणात सोसतं, पण त्याच पाण्यात राहणाऱ्या कोळंबीचा, गोगलगाईंचा, प्रवाळाचा त्यानं जीव जातो. निळूच्या चिरेसाठी सगळी वसाहत मारायची?

सकाळी चिरेवर दुधट पडदा आला होता. दुसऱ्या दिवशी निळूनं शेवाळ्याचा तुकडा खाल्ला. भाच्यानं मला त्याचा व्हिडिओ पाठवला.

आणि पाचव्या दिवशी त्याच्या परांवर पांढरे ठिपके दिसले. मिठाचे कण शिंपडल्यासारखे.

हा खरा शत्रू. क्रिप्टोकॅरिऑन इरिटान्स, समुद्री माशांचा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. जपानमध्ये सिकामा यांनी १९३०च्या दशकात त्याची नोंद केली. ब्राऊन यांनी त्याला हे नाव दिलं ते १९५१ मध्ये. हा जिवाणू नव्हे, विषाणूही नव्हे. एकाच पेशीचा जीव, अंगभर केसांसारख्या वल्ह्यांचा, गोल गोल फिरत पोहणारा. नवा पिवळा टँग दुकानातून थेट टँकमध्ये आला होता. हा पाहुणा त्याच्या अंगावरून आला असणार.

याचं आयुष्य ऐका. मोठ्यांदा सांगावं असं आहे. ठिपका म्हणजे माशाच्या कातडीच्या पडद्याखाली शिरून बसलेला परजीवी. वर नाही, खाली! माशाची कातडी खात, तिच्याच आडोशानं तो फुगत राहतो. आपण पाण्यात काहीही ओता, औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही, कारण माशाची कातडीच त्याची ढाल झालेली असते. तीन ते सात दिवस असे गेले, की तो मासा सोडून निघून जातो. ठिपके नाहीसे होतात. घरात आनंद होतो: बरा झाला!

बरा झालेला नसतो. तो परजीवी तळाशी जाऊन वाळूला, खडकाला चिकटतो, भोवती कवच करतो आणि आत स्वतःला दुभागत सुटतो. एकाचे दोन, दोनाचे चार. एका कवचातून दोनशेच्या घरात पिल्लं बाहेर पडू शकतात. त्या दोनशेंना मासा मिळाला तर पुढच्या खेपेला चाळीस हजार. कवच फुटायला कधी तीन दिवस लागतात, कधी कितीतरी आठवडे. ७२ दिवसांनी कवच फुटल्याचीही नोंद आहे. आणि ती पिल्लं बाहेर कधी पडतात? अंधारात, पहाटेच्या सुमाराला. ज्या वेळी मासे खडकांच्या फटींत, तळाजवळ, निश्चल झोपलेले असतात. ना डोळा, ना मेंदू, एका पेशीचा जीव! तरी त्याला वेळ कळते.

पण त्याची दुखरी बाजूही इथेच आहे. बाहेर पडलेल्या पिल्लाकडे एक दिवससुद्धा धड नसतो. सहा-आठ तासांतच माशाला भेदण्याची त्याची ताकद ओसरू लागते. अथांग समुद्रात एवढ्या वेळात मासा सापडणं किती कठीण! तिथे बहुतेक पिल्लं उपाशी मरतात, म्हणून समुद्रात हा रोग सहसा थैमान घालत नाही. सहा फुटी काचेच्या पेटीत मात्र मासा पळून जाणार कुठे?

तर मग वार कुठे करायचा? कातडीखाली पोचता येत नाही. वार करायचा तो त्या उघड्या तासांवर आणि कवचावर. आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला बसले. शस्त्र आहे तेच, मीठ. फक्त उलटं धरायचं.

माशाच्या रक्तात लिटरमागे दहा-बारा ग्रॅम क्षार असतात. या परजीवीला मात्र समुद्राइतकं खारं पाणी लागतं. टँकचा खारेपणा ३५ वरून १४ ग्रॅमच्या आसपास उतरवला की त्याची कवचं फुगतात, फुटतात. आणि माशाचं काय होतं? त्याला विसावा मिळतो! आत-बाहेर मीठ जवळजवळ सारखं झाल्यावर पाणी झिरपायचं थांबतं. पंपाचं काम हलकं होतं, उरलेली ताकद जखम भरायला मिळते. इस्पितळात आपल्याला सलाइन लावतात, त्यात लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं, रक्ताशी मिळतंजुळतं. इथे रुग्णाला सलाइन लावायचं नाही, रुग्णालाच सलाइनमध्ये ठेवायचं! इस्रायलमध्ये एलात इथे कोलोर्नी यांनी १९८५ साली या परजीवीच्या चरित्राबरोबर हा उपायही मांडला. कमी मिठात तग धरणारे काही वाण पुढे सापडले, पण बहुतेकांवर तो आजही चालतो.

आम्ही सगळे मासे दुसऱ्या, रिकाम्या टँकमध्ये हलवले. वाळू नाही, खडक नाही. लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि जुन्या टँकमध्ये मुरलेला स्पंज फिल्टर. खारेपणा दोन दिवसांत हळूहळू उतरवला. कमी मिठात फिल्टरमधले जिवाणू मंदावतात, म्हणून भाचा रोज सकाळ-संध्याकाळ अमोनिया मोजायचा आणि थोडं पाणी बदलायचा. शेवटचा ठिपका गेल्यावरही चार आठवडे मासे तिथेच राहिले. नंतर मीठ वाढवलं ते त्याहून सावकाश, आठवडाभर, कारण थंडावलेले पंप पुन्हा कामाला लागायला वेळ घेतात. प्रवाळांचा मोठा टँक ७६ दिवस माशांविना ठेवला. तळाशी लपलेलं शेवटचं कवच फुटावं आणि त्यातून आलेल्यांना कोणीच सापडू नये, म्हणून.

एक सावधगिरी मात्र मनापासून सांगते. मासा जोरानं धापा टाकतोय, अंगावर मोजता येतील असे ठिपके नाहीत, तर सोनेरी धूळ उडाल्यासारखं दिसतंय, तर तो वेगळा रोग आहे, अमिलूडिनियम. तो एक-दोन दिवसांत मासा नेतो. तिथे कमी मिठाचा उपाय पुरत नाही आणि वाट बघण्यात अर्थ नाही. वेगळ्या टँकमध्ये मोजून दिलेलं तांबंच लागतं. एकच डोळा सुजून बाहेर आला असेल तर बहुधा मार लागलेला असतो. दोन्ही आले असतील तर आतला आजार शोधायला हवा.

समुद्रात हे सगळं कोण करतं? तिथेही दवाखाने आहेत. क्लीनर रास नावाचा बोटभर मासा प्रवाळावर ठरलेल्या जागी बसतो आणि मोठे मासे तोंड उघडून त्याच्यापुढे थांबतात. ऑस्ट्रेलियातल्या लिझर्ड बेटाजवळ मोजलं तेव्हा एक क्लीनर दिवसाला सुमारे १,२०० परजीवी टिपताना आढळला. पॅरटफिश त्याहून हुशार निघाला. रात्री झोपण्यापूर्वी तो स्वतःभोवती स्रावाचा पारदर्शक कोश विणतो. तो कशासाठी? २०१० मध्ये संशोधकांनी काही माशांचे कोश अलगद काढले. कोश नसलेल्या माशांपैकी सुमारे ९४ टक्क्यांवर रक्त पिणारे किडे चढले, कोशातल्यांपैकी फक्त १० टक्क्यांवर. ती मच्छरदाणी आहे! दर रात्री नवी.

हे वाचून क्लीनर रास विकत आणायचा मोह होईल. आणू नका. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी कातडीखाली असतो, तो याच्या तोंडाला लागत नाही, आणि घरच्या टँकमध्ये पुरेसं खाणं न मिळून हा बिचारा बहुतेक वेळा उपाशी मरतो. त्यापेक्षा नवा मासा आणाल तेव्हा त्याला महिना-दीड महिना वेगळ्या टँकमध्ये ठेवा. एक साधी काचेची पेटी, एक हीटर, एक स्पंज फिल्टर, पाइपचे तुकडे. भाच्याकडे ती आता कायम तयार असते.

निळू बरा आहे. पिवळ्याला दुसरं घर मिळालं. चिरेच्या जागी बारीक खवले पुन्हा उगवलेत. माशाच्या खवल्यावर झाडाच्या खोडासारखी वलयं असतात आणि ती मोजून शास्त्रज्ञ त्याचं वय ठरवतात. पण जखमेनंतर उगवलेल्या खवल्याचा मधला भाग कोरा असतो. वलयं सुरू होतात ती जखम भरली त्या दिवसापासून.